बाळाची कार सीट: आधी हलवून बघा, मग निघा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. चिपळूणहून महाडला एका निकाहसाठी आम्ही निघालो होतो. दुबईत नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ सुट्टीवर आला होता. सोबत भावजय आणि त्यांची नऊ महिन्यांची मुलगी. येताना त्यांनी बाळाची कार सीटही विमानातून आणली होती. घरी ती खोक्यातून निघाली तेव्हा शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या होत्या.

निघताना अम्मी म्हणाली, "एवढंसं लेकरू खुर्चीला बांधून ठेवणार? माझ्या मांडीवर दे. मी पुढे बसते, खिडकीतून बाहेर बघेल तरी."

भाऊ हसला, "अम्मी, तिथे तिला असंच नेतो. सवय आहे तिला."

अम्मी नाराजीनेच पुढे बसली. मागे डाव्या बाजूला बाळाची सीट, मधे मी, पलीकडे भावजय. मुलीच्या अंगात निकाहसाठी शिवलेला जाळीचा, फुगीर घेराचा फ्रॉक होता. परशुराम घाट चढलो तशी ती कुरकुरू लागली. मला वाटले, पट्टे टोचत असतील. मी खांद्यावरचे दोन्ही पट्टे सैल केले, पाठीमागे दुपट्याची घडी सरकवली. ती शांत झाली. मला बरे वाटले. भावजय तेव्हा डोळे मिटून बसली होती.

लोटे ओलांडून थोडे पुढे गेलो आणि एक गाय अचानक रस्त्यावर आली. भावाने जोरात ब्रेक लावला. गाडी थांबली, गायीला लागले नाही, मागून कुणी धडकले नाही. पण बाळाची सीट जागेवरून उचलली जाऊन पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली आणि माझ्या बाजूला कलंडली. मुलगी आतल्या आत वरच्या अंगाला सरकली होती. तिचा एक हात आणि खांदा पट्ट्याबाहेर आला होता. माझा हात आपोआप पुढे गेला, पण तो पोहोचेपर्यंत सगळे होऊन गेले होते.

अल्हम्दुलिल्लाह, तिला काही झाले नाही. गालावर एक लाल वळ उठला आणि ती खूप रडली, इतकेच. पण भावजयीचा पांढराफटक पडलेला चेहरा मी विसरू शकत नाही. अम्मी फक्त एवढेच म्हणाली, "तरी मी सांगत होते."

भरणे नाक्याला आम्ही गाडी बाजूला घेतली. भावाने सीट बाहेर काढून उलटीपालटी केली. चूक सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. दुबईतल्या त्याच्या गाडीत ही सीट लोखंडी कड्यांना अडकवायची सोय होती. आमची घरची गाडी जुनी, तिच्यात ती सोय नाही. इथे त्याने सीट पहिल्यांदाच गाडीच्या सीट बेल्टने बांधली होती आणि बेल्ट चुकीच्या खाचेतून ओवला होता. सीटचे माहितीपुस्तक दुबईलाच राहिले होते. ही झाली त्याची चूक. पट्टे सैल केले आणि पाठीमागे दुपटे कोंबले, ही माझी.

म्हणजे सीट होती, महागाची होती, आणि तरी ती त्या क्षणी बाळाच्या उपयोगाची नव्हती. मी शिक्षिका आहे. माझी चूक मुलांसमोर कबूल करायची सवय आहे, म्हणून तुमच्यासमोरही करते आहे. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या हाताने करून पाहिले, ते माझ्या भगिनींसाठी इथे लिहिते.

मांडी का पुरत नाही?

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर एक प्रयोग करून दाखवतात. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणे. पुठ्ठा टिचकीने उडवला की नाणे जागच्या जागी पेल्यात पडते. उर्दूत याला 'जुमूद' म्हणतात, मराठीत 'जडत्व'. थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालती वस्तू चालतच राहते, जोवर तिला कुणी अडवत नाही. गाडी ब्रेकने थांबते, आतले बाळ मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. त्याला अडवणार कोण, एवढाच प्रश्न असतो.

आपल्याला वाटते, आपले हात अडवतील. जरा हिशोब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा धक्का साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. हेच थांबणे सेकंदाच्या दहाव्या भागात झाले, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कोणत्या आईच्या हातात तो आहे? मायेचा इथे इलाज चालत नाही. शिवाय आईने स्वतः बेल्ट लावलेला नसेल, तर तिचे पन्नास-साठ किलोंचे शरीर बाळाला पुढच्या सीटवर दाबते. आणि एकाच बेल्टमध्ये आपण आणि मांडीवरचे बाळ दोघांना गुंडाळले, तरी तेच होते. बेल्ट आणि आई यांच्यामध्ये बाळ चिरडते.

"गावातल्या गावात तर जायचंय" असेही आपण म्हणतो. ताशी ३० किलोमीटरचा धक्का म्हणजेही साडेतीन मीटरवरून, एका मजल्याहून जास्त उंचीवरून पडणे. आपण आपल्या मुलाला गच्चीच्या कठड्यावर एक मिनिटही बसू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य सीट योग्य रीतीने वापरली, तर अपघातात लहान मुलांच्या मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून जास्त कमी होते. या वाक्यातले 'योग्य रीतीने' हे दोन शब्द आम्ही त्या दिवशी विसरलो होतो.

तोंड कोणत्या बाजूला?

तान्ह्या बाळाची सीट अशी बसवतात की बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे होते. आपल्याला हे विचित्र वाटते. बाळ आपल्याकडे बघत नाही, बाहेर बघत नाही. पण कारण समजले की पटते. जन्मतः बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असते. डोके जड आणि मान कोवळी. तोंड पुढे असेल तर धक्क्यात अंग पट्ट्यांनी अडते आणि डोके मात्र झटक्याने पुढे जाते. तोंड मागे असेल तर डोके, मान आणि पाठ एकत्र सीटच्या पाठीवर दाबली जातात आणि धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. हाताच्या ओंजळीत धरल्यासारखे होते ते.

युरोपच्या नव्या 'आर १२९' मानकाप्रमाणे किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायचे असते. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल, तर त्यापुढेही जितके दिवस जमेल तितके तसेच ठेवावे. पाय दुमडतात म्हणून दिशा बदलायची घाई करू नये. मुले मांडी घालून, पाय वर करून खुशाल बसतात. वजन मर्यादेपलीकडे गेले किंवा डोके सीटच्या वरच्या कडेला टेकायला आले, की ती सीट त्या दिशेने लहान झाली असे समजावे.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहायला हवी. पुढच्या सीटला एअरबॅग असेल आणि ती चालू असेल, तर तोंड मागे असलेली बाळाची सीट तिथे कधीही ठेवू नये. फुगणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे प्रचंड जोराने आदळते. अम्मी मुलीला मांडीवर घेऊन पुढे बसायचे म्हणत होती, तेही याच कारणाने घातक ठरले असते. मुलांची जागा मागे.

सीट बेल्टने बसवताना

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत आणि भाड्याच्या गाड्यांत सीट बेल्टनेच बसवावी लागते. म्हणून ही रीत आधी नीट सांगते. पहिल्यांदा बसवाल तेव्हा बाळ घरात ठेवा, अर्धा तास मोकळा काढा आणि घाई करू नका. आम्ही वऱ्हाड निघायच्या दहा मिनिटे आधी बसवली होती.

पहिले काम, माहितीपुस्तक वाचणे. ते हरवले असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर सहसा मिळते. सीटच्या बाजूलाही चित्रे चिकटवलेली असतात.

दुसरे, जागा. मागची सीट. तिथेही डावी बाजू आपल्याकडे सोयीची, कारण बाळाला रस्त्याच्या कडेने उतरवता येते. मधली जागा दोन्ही दारांपासून लांब असते हे खरे, पण पुष्कळ गाड्यांत तिथे फक्त कमरेचा पट्टा असतो किंवा सीट मधे उंचवट्याची असते. जिथे सीट घट्ट बसते ती जागा चांगली.

तिसरे, खालचे सगळे काढून टाका. घसरणारे सीट कव्हर, टॉवेल, गोधडी, उशी. सीट गाडीच्या गादीवर थेट टेकली पाहिजे.

चौथे, कलणे. तोंड मागे असलेल्या सीटला बाजूला एक खूण किंवा रेषा असते, ती जमिनीला समांतर हवी. सीट फार उभी असेल तर झोपेत बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि तान्ह्या बाळाचा श्वास कोंडू शकतो. फार आडवी असेल तर धक्क्यात बाळ वर सरकते. रस्ता चढाचा असेल तर अंदाज चुकतो, म्हणून गाडी सपाट जागेवर उभी करूनच बसवा.

पाचवे, बेल्टची वाट. आम्ही इथेच चुकलो. जी सीट दोन्ही दिशांनी वापरता येते तिला बेल्ट ओवायच्या दोन वेगवेगळ्या वाटा असतात. युरोपच्या मानकाप्रमाणे बनलेल्या सीटवर साधारणपणे तोंड मागे असताना निळ्या खुणेची वाट आणि तोंड पुढे असताना लाल खुणेची. आमच्या सीटवर निळी खूण स्पष्ट होती, आणि बेल्ट लालमधून गेला होता. बेल्टला पीळ पडलेला नको, कपड्याच्या गोठासारखा सपाट हवा.

सहावे, बक्कल लावून सीटवर आपले वजन टाका. हाताने किंवा गुडघ्याने सीट गादीत दाबा आणि दुसऱ्या हाताने खांद्याकडचा बेल्ट ओढून सगळी ढील काढा. सीटला बेल्ट पकडून ठेवणारा चाप असेल तर तो बंद करा. हा चाप महत्त्वाचा आहे. गाडीचा साधा बेल्ट फक्त अचानक झटका बसला तरच अडकतो, एरवी हळूहळू सैल होत राहतो.

सातवे, बक्कलकडे बघा. ते सीटच्या कडेवर वाकून अडकलेले नको, नाहीतर धक्क्यात तुटू शकते. आणि बेल्ट आखूडच पडत असेल तर ती सीट त्या गाडीसाठी नाही, एवढेच समजावे. जोड पट्टा, दोरी असले उपाय करू नयेत. म्हणूनच सीट विकत घेण्याआधी दुकानदाराला आपल्या गाडीत बसवून बघू द्या असे सांगावे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

शेवटी परीक्षा. बेल्ट जिथून जातो तिथेच सीट दोन्ही हातांनी धरा आणि डावीउजवीकडे, पुढेमागे जोरात हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. तोंड मागे असलेल्या सीटचा वरचा भाग थोडा हलतो, त्याची काळजी नको. बेल्टजवळचा भाग हलता कामा नये.

कड्या असतील तर

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत 'आयसोफिक्स' नावाची सोय असते. मागच्या सीटच्या पाठ आणि गादीच्या फटीत बोटे घालून बघा, दोन धातूच्या कड्या लागतील. वरून बहुधा लहानसे चिन्हही शिवलेले असते. सीटचे दोन दांडे त्या कड्यांत ढकलले की दोन्हीकडून 'टक्' असा आवाज येतो आणि लाल खूण हिरवी होते. दोन्ही हिरव्या हव्यात. एक लाल राहिली तर सीट बसलेली नाही.

एवढ्याने काम संपत नाही. तिसरा आधार लागतो. तो एकतर सीटच्या पुढे जमिनीला टेकणारा पाय असतो, किंवा वरून मागे जाणारा पट्टा. या पट्ट्याला 'टॉप टेदर' म्हणतात. तो गाडीच्या मागच्या बाजूला त्याच्यासाठी असलेल्या हुकातच अडकवायचा, सामान बांधायच्या कडीत नाही. तोंड पुढे केलेल्या सीटला हा पट्टा असेल आणि लावायचा राहिला, तर धक्क्यात बाळाचे डोके कितीतरी जास्त पुढे जाते. घरोघरी हाच पट्टा लावायचा राहतो, कारण तो नजरेआड असतो.

ज्यांच्या गाडीत कड्या नाहीत त्यांनी मन छोटे करू नये. बेल्टने नीट बसवलेली सीट बाळाचे रक्षण करतेच. कड्यांचा खरा फायदा असा की त्यात चुकायला जागा कमी.

पट्टे: माझी चूक

सीट गाडीला घट्ट झाली, आता बाळ सीटला घट्ट हवे. खांद्यावरचे पट्टे तोंड मागे असताना बाळाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत. तोंड पुढे असताना खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित वरून. मूल वाढते तसे ते बदलावे लागतात. ईदला नवे कपडे घेतो तेव्हा पट्ट्यांची उंचीही बघायची, अशी सवय लावली तर विसर पडत नाही.

पट्टे ओढल्यावर बाळाच्या गळपट्टीच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर सैल आहे, बोटे घसरली तर बरोबर. पट्ट्यांवर छातीची क्लिप असेल तर ती काखेच्या रेषेत ठेवा, पोटावर नको.

आता फ्रॉकचे. निकाह, अकीका, ईद, या दिवसांत आपण मुलींना जाळीचे फुगीर फ्रॉक आणि मुलांना अस्तराच्या जाड शेरवान्या घालतो. वरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात जाळी चेपते आणि पट्टा दोन बोटे सैल होतो. साध्या सुती कपड्यात प्रवास करावा आणि मुक्कामी पोहोचल्यावर कपडे बदलावेत. थंडी वाजत असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण टाकावे. पाठीमागे किंवा पट्ट्याखाली दुपटे, उशी, गादी काहीही घालू नये. सीटसोबत आलेली तान्ह्या बाळाची गादी तेवढी चालते.

मूल रडले तर? गाडी थांबवायची. भूक असेल, लंगोट ओला असेल, ऊन लागत असेल. खाली घ्या, पाजा, फिरवा, मग पुन्हा बसवा. दीड-दोन तासांनी थांबावेच, तान्ह्या बाळाला फार वेळ सीटमध्ये झोपवून ठेवणे बरे नाही. आपल्याकडच्या उन्हात बक्कलचा धातू तापतो आणि मांडीला चटका बसतो, म्हणून बसवण्यापूर्वी हात लावून पाहावा. पट्टे सैल करणे हे रडण्यावरचे उत्तर नाही. त्या दिवशी मी रडणे थांबवले होते, बाळ सांभाळले नव्हते.

थोडी मोठी मुले

साधारण चार वर्षांनंतर, मूल पट्ट्यांच्या सीटच्या मर्यादेबाहेर गेले की उंचवटा देणारी 'बूस्टर' सीट येते. तिच्यात गाडीचाच बेल्ट लावायचा असतो. तो खांद्याच्या मधून जावा, गळ्याला लागू नये. कमरेचा भाग मांड्यांच्या वरच्या हाडावर बसावा, पोटावर नको, कारण पोटावरचा बेल्ट आतड्यांना इजा करतो. पाठ टेकून बसल्यावर गुडघे गादीच्या कडेवर सहज वाकतात आणि बेल्ट असा बरोबर बसतो, तेव्हा बूस्टर सोडता येते. ती उंची बहुधा १४५ सेंटिमीटरच्या आसपास येते. "आता पहिलीत गेला, मोठा झाला" हे शाळेसाठी ठीक आहे, बेल्टसाठी नाही.

घेताना आणि उसनी आणताना

सीटवर एक लेबल असते. त्यावर वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि आकडा, तसेच 'आर ४४/०४' किंवा 'आर १२९' लिहिलेले असते. आपल्या देशाचे मानक 'एआयएस ०७२' आहे. यांतले काहीच नसेल तर ती नुसती खुर्ची आहे, कितीही मऊ असो.

आपल्या कोकणात आखातातून आलेल्या वस्तू घरोघरी फिरतात. सीटही फिरते. उसनी घेताना तीन प्रश्न विचारा. ती कधी अपघातात होती का? असेल तर वापरू नका, बाहेरून दिसत नसली तरी आतून तडा गेलेला असतो. तळाशी उमटवलेली निर्मितीची तारीख आणि मुदत काय आहे? आणि सगळे भाग, पट्टे, पुस्तक आहे का? ज्याच्याविषयी खात्रीने सांगता येत नाही अशी सीट न घेतलेली बरी. पट्टे मशीनमध्ये धुऊ नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत.

किंमत काही हजारांपासून सुरू होते. परवडत नाही असे म्हणण्यापूर्वी अकीक्याच्या दावतीतली ताटे आठवावीत. मामा, फुफी, खाला यांनी मिळून चांदीच्या तोड्यांऐवजी सीट दिली तर बाळाच्या अधिक कामी येईल.

भाड्याची गाडी करतानाही आपली सीट सोबत नेता येते. तीन ठिकाणी बांधला जाणारा बेल्ट मागे आहे ना, एवढे आधी विचारावे. दुचाकीवर बाळाला नेणे टाळावे हेच खरे. न्यावेच लागले तर केंद्राच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

कायदा आणि आपण

दुबईत भावाला सवय लागली ती सुरुवातीला दंडाच्या धाकाने. अमिरातीत २०१७ च्या नियमाने चार वर्षांपर्यंतच्या मुलांना सीट सक्तीची झाली आणि दंड ४०० दिरहम ठरला. आपल्याकडेही कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचे मूल बेल्टने किंवा बाळाच्या सीटने सुरक्षित केलेले नसेल तर १,००० रुपये दंड आहे. गाडी खरेदी करतानाही आता विचारता येते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचणीत मुलांच्या सुरक्षेला वेगळे तारे दिले जातात.

आणि मोठ्यांनी स्वतः? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा मागे बसलेल्यांनी बेल्ट लावला नव्हता, असे तपासात पुढे आले. गाडी महागडी होती. आपण मागे बसतो तेव्हा बेल्ट आठवत नाही, आणि मुले तर आपल्याकडे बघूनच शिकतात.

अम्मीचे काय झाले?

त्या दिवशी भरणे नाक्याला भावाने सीट पुन्हा बांधली, निळ्या वाटेने. मी मुलीचा फ्रॉक काढून साधे झबले घातले, दुपटे काढून टाकले, पट्टे ओढले. अम्मी बाहेर उभी राहून बघत होती. म्हणाली, "अल्लाह राखणारा आहे. तुमच्या या पट्ट्यांनी काय होणार?"

भावाने वाद घातला नाही. म्हणाला, "अम्मी, उंटाची गोष्ट तूच सांगायचीस ना आम्हाला? आधी बांधायचा, मग तवक्कुल करायचा." अम्मी काही बोलली नाही. थोड्या वेळाने पुढे झाली आणि दोन्ही हातांनी सीट धरून तिने जोरात हलवून पाहिली. सीट हलली नाही. मग पुढची जागा मला देऊन ती मागे, बाळाच्या शेजारी येऊन बसली. तिचे बोट बाळाने मुठीत धरले आणि महाड येईपर्यंत सोडले नाही. मांडी सुटली, पण दादीचा स्पर्श तर राहिलाच.

घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावताना एवढे लक्षात ठेवावे. त्यांना वाटते, बाळ आपल्यापासून काढून घेतले. त्यांना काम द्यावे. आमच्या घरी सीट हलवून बघायचे काम अम्मीचे आहे. भाऊ परत जाईपर्यंत तिच्या "हं, चला" शिवाय गाडी निघत नसे.

भाऊ आता दुबईला परतला आहे. फोनवर मुलगी दिसते, आता चालू लागली आहे. आणि अम्मी दर शुक्रवारी विचारते, "बाहेर निघालात का? हलवून बघितलीस का?"

निघण्यापूर्वी एक मिनिट

• सीट मागच्या बाजूला आहे आणि तिची दिशा बाळाच्या वयाप्रमाणे आहे.
• बेल्ट योग्य वाटेने गेला आहे, पीळ नाही, चाप बंद आहे. कड्या असतील तर दोन्ही खुणा हिरव्या आहेत, पाय किंवा वरचा पट्टा लावला आहे.
• बेल्टजवळ धरून हलवली, एक इंचापेक्षा जास्त हलत नाही.
• बाळाच्या अंगात फुगीर कपडे नाहीत, पाठीमागे दुपटे नाही.
• खांद्यावर पट्ट्याची घडी चिमटीत येत नाही.
• बक्कल तापलेले नाही.
• गाडीतल्या सगळ्या मोठ्यांनी बेल्ट लावला आहे.
• उतरताना बाळ गाडीत एकटे राहत नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.